फिरत्या घराचा हंगामी तळ : चंद्रपूर-गडचिरोलीत जमीन कशी निवडावी

मोटरहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानगृहाची सोय असलेले चाकांवरचे घर. ते वर्षभर रस्त्यावर नसते. काही महिने ते एका जागी उभे राहते, तिथून आसपास फिरते आणि उरलेले महिने बंद अवस्थेत काढते. अशा जागेला हंगामी तळ म्हणता येईल. तिथे पक्के घर लागत नाही. गाडी सुरक्षित उभी राहील एवढा कडक चौथरा, पाणी, वीज, सांडपाण्याची वाट आणि वर्षभर चालणारा रस्ता एवढे पुरते. मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यात या पाच गोष्टी एका ठिकाणी मिळणे सोपे नसते. मिळाल्या तरी ती जमीन कायद्याने घेता येईलच असेही नाही.

हंगाम आणि त्याचे हिशेब

या भागात तळाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या अखेरीपर्यंत असतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्थिरावतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत रेंगाळतो. चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहून जास्त. ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटनासाठी बंद असतो. धानाची कापणी दिवाळीच्या आसपास सुरू होते, बांध्यांतले पाणी आटते आणि शेतरस्ते मोकळे होतात. झाडीपट्टीतील नाटकांचा हंगामही याच सुमारास, दिवाळीपासून सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो, तर मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही देशातील सर्वांत उष्ण ठिकाणांत गणली जातात. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पारा ४७-४८ अंशांपर्यंत पोहोचतो.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. जमीन पसंत केली जाते डिसेंबरात, पण तिची परीक्षा होते ऑगस्टमध्ये आणि मेमध्ये. हिवाळ्यात प्रत्येक जागा कोरडी, हिरवी आणि शांत दिसते. म्हणून व्यवहारापूर्वी एकदा भर पावसात आणि एकदा उन्हाळ्याच्या दुपारी जागा पाहणे आवश्यक ठरते.

दोन जिल्हे, पाच प्रकारचे प्रदेश

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे दोन्हींचा महसुली इतिहास एक आहे, पण भूमी एकसारखी नाही. तळाच्या दृष्टीने पाच पट्टे वेगळे करता येतात.

पश्चिमेचा वरोरा-भद्रावती-घुग्घुस-बल्लारपूर-राजुरा हा पट्टा काळ्या मातीचा आणि कोळशाचा आहे. रस्ते, वीज आणि दुरुस्तीच्या सोयी इथे उत्तम आहेत. मात्र जमिनीखाली जुन्या खाणी असू शकतात. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. तिथे खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. शिवाय कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम १९५७ खाली निघालेली अधिसूचना सातबाऱ्यावर लगेच दिसतेच असे नाही. या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या क्षेत्रीय कार्यालयात गट क्रमांक दाखवून खात्री करावी लागते.

दुसरा पट्टा ताडोबाभोवतीचा. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही प्रवेशद्वारे आणि त्यांच्या आसपासची गावे यात येतात. पर्यटकांची ये-जा, उपाहारगृहे आणि मोबाइलची रेंज यांमुळे बहुतेकांची नजर इथेच जाते. भाव सर्वांत चढे इथे आणि निर्बंधही सर्वांत जास्त इथेच.

तिसरा पट्टा मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, सावली या तालुक्यांचा, म्हणजे धान आणि तलावांचा. घोडाझरी आणि आसोलामेंढा हे मोठे तलाव याच भागात आहेत. गावोगावी माजी मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या (लहान तळी) आहेत. नागपूरहून येणारे रस्ते चांगले आहेत आणि ताडोबाही दूर नाही. हंगामी तळासाठी सर्वांत समतोल पट्टा हाच.

चौथा पट्टा उत्तर आणि मध्य गडचिरोलीचा : वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. वैनगंगेच्या काठची ही सपाट जमीन सुपीक आहे आणि पुराच्या तोंडीही आहे. पाचवा पट्टा धानोरा, एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांचा. जंगल इथे सर्वांत घनदाट, वस्ती विरळ, दवाखाना आणि गॅरेज लांब. हिवतापाचा जोर राज्यात सर्वाधिक याच भागात राहिला आहे. फिरण्यासाठी हा प्रदेश समृद्ध असला, तरी कायमचा तळ आलापल्ली किंवा चामोर्शीसारख्या मोठ्या गावाजवळ ठेवून तिथून आत जाणे सोयीचे.

कागदावरचे जंगल

या दोन जिल्ह्यांत ‘जंगल’ म्हणजे झाडे उभी असलेली जमीन एवढेच नव्हे. उघडे माळरान दिसणारी जमीनही कायद्याने वन असू शकते. राखीव वन, संरक्षित वन आणि अभयारण्ये यांच्या सीमा वन विभागाच्या नकाशात स्पष्ट असतात. खरी अडचण येते ती झुडपी जंगलाची. मध्य प्रांताच्या काळापासून गुरचरण आणि निस्तारासाठी, म्हणजे गावकऱ्यांच्या सरपणासारख्या सामूहिक गरजांसाठी, सोडलेल्या, काटेरी झुडपांच्या हलक्या जमिनींना महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हटले गेले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गोदावर्मन खटल्यातील आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार, ही जमीन वनच असल्याचे स्पष्ट केले. तिच्यावरील जुनी वाटपे नियमित करण्याची प्रक्रिया वेगळी आहे आणि ती केंद्राच्या मंजुरीतून जाते. नव्या खरेदीदाराने अशा जमिनीपासून दूर राहावे.

खाजगी मालकीच्या जमिनीवरही वनाची सावली पडलेली असते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ खाली शासनाकडे गेलेल्या काही जमिनी आजही जुन्या मालकांच्या ताब्यात दिसतात. म्हणून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वनाविषयीचा कोणताही शेरा आहे का, हे पाहून त्याचा मूळ फेरफार काढावा. वन विभागाचे ना-हरकत पत्र मागण्यापूर्वी उपविभागीय कार्यालयातून गटाची वनस्थिती लेखी घेतली तर पुढचा घोळ टळतो.

तिसरा थर संरक्षित क्षेत्राभोवतीच्या निर्बंधांचा. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये झाले, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये. गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. २०१० मध्ये त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जोडले गेले आणि २०१९ मध्ये पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली. अशा अधिसूचनांची सर्वसाधारण रचना ठरलेली असते : संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून एक किलोमीटरपर्यंत नवी व्यावसायिक निवासस्थाने नाहीत, पुढच्या भागात ती पर्यटन आराखड्याच्या चौकटीत, आणि सांडपाणी, कूपनलिका, रात्रीची वाहतूक, प्रखर दिवे यांवर नियंत्रण. घोडाझरी, कन्हाळगाव, चपराळा, भामरागड आणि प्राणहिता या अभयारण्यांजवळ जमीन घेतानाही त्या-त्या क्षेत्राची अधिसूचना वाचावी लागते.

जमीन कोण घेऊ शकतो

विदर्भात शेतजमिनीचा व्यवहार १९५८ च्या विदर्भ प्रदेश कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाखाली येतो. त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘विकत नको, पाच-दहा वर्षांच्या करारावर घेऊ’ ही पळवाट म्हणून उपयोगाची नाही. राज्यात अन्यत्र शेती असलेल्या खरेदीदाराला शेतकरी असल्याचा पुरावा जोडता येतो.

आदिवासी खातेदाराची जमीन हा त्याहून कडक विषय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि शासनाची पूर्वसंमती लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आवश्यक आहे. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपुरातील राजुरा-कोरपना-जिवती परिसरातील अनेक गावे पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे ग्रामसभेची संमतीही लागते. नियमबाह्य व्यवहार पुढे रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. जिवती तालुक्यात आणखी एक गुंता आहे. तिथल्या सीमेवरील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी दावा सांगितला आहे, आणि पुष्कळ शेते वनजमिनीवर आहेत.

भोगवटादार वर्ग-२ ही नोंदही थांबायला लावणारी. शासनाने दिलेली, कमाल धारणेच्या कायद्यातून मिळालेली किंवा भूदानाची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने तर वेगळाच मार्ग निवडला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवलेल्या या गावाने २०१३ मध्ये आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. अशा गावात वैयक्तिक खरेदीचा प्रश्नच उरत नाही.

क्षेत्रफळाचाही नियम आहे. तळासाठी पाच-सात गुंठे पुरतात, पण तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा एवढा लहान तुकडा पाडून घेता येत नाही. २०२३ मध्ये अकोला आणि रायगड वगळता राज्यभर जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. त्यानंतर शहरी आणि गावठाणालगतच्या काही क्षेत्रांना सवलती मिळाल्या आहेत. म्हणून विशिष्ट गटाला कोणता नियम लागतो याची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

या सगळ्यातून सुटसुटीत वाट निघते ती गावठाणातील किंवा आधीच अकृषिक झालेल्या भूखंडाची. संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीचे निवासी रूपांतर तुलनेने सोपे आहे. दुसरी वाट म्हणजे शेती आणि मालकी स्थानिक शेतकऱ्याकडेच ठेवून त्याच्या नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्रात पाहुणा म्हणून गाडी उभी करणे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये. दुसऱ्या धोरणात कॅराव्हॅन पार्क उभारण्याची तरतूद आहे. गाडी भाड्याने द्यायची किंवा इतरांच्या गाड्यांना जागा द्यायची असेल, तर हा व्यावसायिक वापर ठरतो आणि पर्यटन विभागाची नोंदणी आवश्यक होते.

माती आणि उतार

शेतकरी ज्या जमिनीला नाक मुरडतो ती तळासाठी चांगली असते. पूर्व विदर्भात मातीचे प्रकार कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशा नावांनी ओळखले जातात. कन्हार म्हणजे गडद काळी, ओल धरणारी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते. तिच्यावर चार टन वजनाची गाडी उभी राहिली की चाके रुततात, आणि चौथरा घातला तर तो वर्षभरात तडकतो. धानाच्या बांधीतली सिहार माती पाणी साठवण्यासाठीच मशागत केलेली असते. तिथे ऑक्टोबरातही गाडी आत नेणे धोक्याचे. बरडी म्हणजे टेकाडावरची, लालसर, मुरमाड, पीक न देणारी जमीन. पाणी तिच्यावर थांबत नाही, खाली कडक थर लवकर लागतो आणि भावही कमी असतो.

मातीची परीक्षा साधी आहे. मीटरभर खोल खड्डा खणावा आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. त्याच खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात जिरते हे मोजले, की शोषखड्डा चालेल की नाही तेही कळते. काळ्या मातीत पाणी जिरत नसल्याने सांडपाणी वर येते. तिथे बंद टाकी बांधून ती उपसून घेण्याची व्यवस्था करावी लागते. शोषखड्डा विहिरीपासून किमान तीस मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा.

काळ्या मातीचीच जमीन घ्यावी लागली, तर वरचा थर अर्धा मीटर काढून मुरूम भरावा आणि रोलर फिरवावा. मुरूम बाहेरून आणायचा तर वाहतूक परवाना पाहावा लागतो, कारण तो गौण खनिज आहे. आदर्श उतार शंभर मीटरला एक ते दोन मीटर. यापेक्षा सपाट जागी पाणी साचते, आणि जास्त उतारावर गाडी समतल ठेवण्यासाठी भराव घालावा लागतो.

पाणी : जास्तीचे आणि पिण्याचे

नदीकाठची जागा मोहात पाडते, पण वैनगंगा, वर्धा, इरई, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या सर्व नद्या इथे मोठे पूर आणतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर आणि भंडारा जिल्ह्यातील गोसेखुर्द धरणातून मोठा विसर्ग झाला. तेव्हा ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी आणि गडचिरोली तालुक्यांतील कित्येक गावे पाण्यात गेली. त्या दिवसांत तिथे पाऊस विशेष नव्हता. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या पुराने सिरोंचा तालुका वेढला. तिथे गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजच्या फुगवट्याचाही प्रश्न राहिला आहे. चंद्रपूर शहराजवळ वर्धा भरून वाहू लागली की इरईचे पाणी मागे सरते आणि सखल भागात शिरते.

यासाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाकारले जाते. तळासाठी लाल रेषेच्याही बाहेर राहणे शहाणपणाचे. पूररेषा आखलेली नसलेल्या नाल्यांसाठी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पाणी देवळाच्या कोणत्या पायरीला लागले होते, हे त्यांना नेमके आठवते.

तलावाच्या खालची जागाही तपासावी. माजी मालगुजारी तलावाच्या पाळीखालच्या बांध्यांत झिरप असते आणि पाळ फुटल्यास पाणी सरळ तिथेच येते. तलावाच्या वरच्या अंगाची, पूर्ण साठ्याच्या पातळीपासून उंच असलेली बरडी जागा मात्र उत्तम.

पिण्याच्या पाण्यात चंद्रपूर जिल्ह्यात फ्लोराइडची अडचण आहे. प्रतिलिटर दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास अयोग्य मानले जाते. नव्या कूपनलिकेचे पाणी जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि शक्य असेल तिथे ग्रामपंचायतीच्या नळयोजनेची जोडणी घ्यावी. कूपनलिकेला एप्रिल-मेमध्ये पाणी राहते का, हे शेजारच्या शेतकऱ्याच्या अनुभवावरून ठरवता येते.

वाट

भारतात मोटरहोम बहुधा टेम्पो ट्रॅव्हलर किंवा त्याहून मोठ्या चॅसीवर बांधलेले असते. अशा गाडीची उंची वातानुकूलन यंत्रासह तीन मीटरच्या आसपास जाते. चार मीटर रुंद फाटक, चार मीटर उंचीपर्यंत मोकळी जागा आणि गाडी वळवण्यासाठी पंधरा-सोळा मीटर व्यासाची जागा एवढे हवेच. खाली लोंबणाऱ्या वीजतारा आणि आंब्याच्या फांद्या मोजून पाहाव्यात.

चंद्रपूर-मूल-गडचिरोली हा राष्ट्रीय महामार्ग ९३० बारमाही आहे. आलापल्ली-सिरोंचा हा ३५३-सी वरचा टप्पा पावसाळ्यात दुर्दशेसाठी ओळखला जातो. सुरजागडच्या लोहखनिजाच्या वाहतुकीमुळे एटापल्ली-आलापल्ली-आष्टी मार्गावर जड ट्रकांची रांग असते. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. महामार्गापासून आतल्या रस्त्यावर किती रपटे आहेत, ते मोजावेत. एका रपट्यावरून पाणी वाहू लागले तरी तळ अडकतो.

शेवटचा टप्पा बहुतेकदा पांदणीचा असतो. नकाशात पांदण आहे, पण प्रत्यक्षात दोन्हीकडच्या धुऱ्यांनी ती गिळलेली आहे, हे विदर्भातले नेहमीचे चित्र. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार शेताकडे जाण्याचा हक्क देऊ शकतात. पण तो शेतीसाठीच्या वहिवाटीचा असतो. मोठ्या गाडीच्या रोजच्या ये-जेसाठी तो अपुरा पडतो. म्हणून डांबरी किंवा सिमेंटच्या सार्वजनिक रस्त्याला थेट लागून असलेला गटच घ्यावा.

वाघ, हत्ती, अस्वल आणि वणवा

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ नोंदले गेले. त्यांतला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. ते केवळ ताडोबात राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागात गावे, शेते आणि जंगलाचे तुकडे एकमेकांत मिसळले आहेत आणि वाघ त्यांतूनच ये-जा करतात. हल्ल्यांचे प्रसंग बहुतांशी पहाटे आणि संध्याकाळी, जंगलकडेला, मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करताना, गुरे चारताना घडतात. गाडीत झोपलेला माणूस सुरक्षित असतो. धोका गाडीबाहेरच्या वावरात असतो : पहाटे बाहेर पडणे, अंधारात नळाशी जाणे, लहान मुलांचे खेळणे. जंगलाच्या सीमेला खेटून असलेला गट, नाल्यातली दाट झुडपे आणि दोन जंगलतुकड्यांमधली अरुंद पट्टी या तीन जागा टाळल्या की धोका बराच कमी होतो.

बिबट कुत्र्यांमागे आणि कोंबड्यांमागे येतो, अस्वल मोहाखाली आणि वारुळांकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे आलेला रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत ठाण मांडून आहे. धानोरा, कुरखेडा आणि वडसा भागात त्याने धान आणि घरात साठवलेली मोहफुले यांसाठी घरे मोडली. तळावर मोहफुले, धान्य किंवा उघडा कचरा ठेवू नये.

फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ. तेंदू आणि मोहाच्या हंगामात पालापाचोळा पेटतो आणि वारा तो शेतापर्यंत आणतो. वन विभाग जंगलात जाळरेषा आखतो. तसाच पाच-सहा मीटर रुंदीचा गवतरहित पट्टा गाडीच्या जागेभोवती ठेवावा लागतो. गॅस सिलिंडर असलेल्या वाहनासाठी ही किमान काळजी आहे.

ऊन, वीज आणि बंद महिने

मेच्या दुपारी पत्र्याची गाडी तापू नये म्हणून पश्चिमेला सावली हवी. पूर्व आणि दक्षिण बाजू मोकळी राहिली तर छतावरच्या सौर पट्ट्यांना ऊन मिळते. सावलीसाठी आंबा, कडुनिंब किंवा चिंच बरी, पण फांद्या गाडीवर येणार नाहीत इतक्या अंतरावर. या भागात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असल्याने कूलर चांगले काम करतो. त्याला वीज कमी लागते, पाणी मात्र दिवसाला शंभरेक लिटर. वातानुकूलन यंत्र चालवायचे असेल तर महावितरणची जोडणी हवी. रोहित्र किती दूर आहे यावर खांबांचा खर्च आणि व्होल्टेज ठरते. गावठाणाजवळ हे दोन्ही परवडते.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत गाडी तळावरच ठेवायची की वरोरा, चंद्रपूर किंवा नागपूरला न्यायची, हे जमीन निवडतानाच ठरवावे. ती तळावर ठेवायची असेल तर उंच जोत्यावर, तीन बाजूंनी हवा खेळेल असे पत्र्याचे छत, वीजरोधक आणि उंदरांपासून वायरिंगचे रक्षण या गोष्टी लागतात. राखण करणारे विश्वासाचे माणूस गावातच राहणारे असावे.

गावाशी नाते आणि निस्तार

प्रत्येक गावाच्या दप्तरात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतात. गुरे पाण्यावर नेण्याची वाट, सरपण, चराई, देवस्थानाकडे जाण्याचा मार्ग अशा सामूहिक हक्कांच्या नोंदी त्यांत सापडतात. मालकी निर्वेध असली तरी या हक्कांना कुंपण घालता येत नाही. वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत बांबू आणि तेंदूची विक्री ग्रामसभा करते. तिथे जंगलातून जाळण्यासाठी लाकूड उचलणेही गावाच्या नियमांत बसावे लागते. गावाची सीमा, पेन (गोंडांचे दैवत) किंवा देवाची जागा, स्मशान यांच्यापासून अंतर ठेवलेला गट पुढचे तंटे टाळतो. दुर्गम तालुक्यांत मुक्कामाची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात देण्याची पद्धत पाळावी.

या सर्व निकषांची बेरीज एका दिशेला जाते. कायदा, रस्ता, वीज, पाणी, वन्यप्राणी, वणवा आणि राखण यांतला प्रत्येक निकष जंगलाच्या काठापेक्षा गावाच्या काठाकडे झुकतो. सर्वांत चांगला तळ बहुधा दिसायला सामान्य असतो : गावठाणालगतचे बरडी टेकाड, समोर डांबरी रस्ता, मागे तलाव, आणि जंगल पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर.

तपासणीचा क्रम

आधी फुकट किंवा स्वस्तात होणाऱ्या चौकशा कराव्यात, नंतर खर्चाच्या. पहिल्या टप्प्यात महाभूलेखवरून सातबारा आणि आठ-अ काढून भोगवटा वर्ग, इतर हक्क आणि खातेदारांची संख्या पाहावी. वारसांच्या नोंदी अपुऱ्या असतील तर त्या पूर्ण होईपर्यंत थांबावे. दुसऱ्या टप्प्यात किमान तीस वर्षांचे फेरफार, १९९६ पूर्वीची वनस्थिती, खाण आणि महामार्गांसाठीच्या भूसंपादनाच्या अधिसूचना, पूररेषा आणि संवेदनशील क्षेत्राचा नकाशा तपासावा. चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे येणाऱ्या नियोजित द्रुतगती मार्गांमुळे भूसंपादनाची पाहणी आता अधिकच गरजेची झाली आहे. तिसऱ्या टप्प्यात खड्डा, पाण्याची तपासणी आणि प्रत्यक्ष मोटरहोम नेऊन पाहणे. एक रात्र तिथे काढली की आवाज, रेंज आणि वाऱ्याची दिशा कळते.

चौथ्या टप्प्यात भूमी अभिलेख कार्यालयाकडून शासकीय मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या कराव्यात. शेजारचे खातेदार मोजणीला हजर असावेत. जुन्या धुऱ्यांचे वाद बहुतेकदा तिथेच मिटतात. यानंतरच विसार द्यावा, तोही लेखी करारावर, आणि आवश्यक परवानगी न मिळाल्यास तो परत मिळेल अशी अट घालून. नोंदणीकृत खरेदीखतानंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढते. अकृषिक वापराची सनद हाती आल्यावरच चौथऱ्याचे आणि छताचे काम सुरू करावे.